शिक्षकाचा थकवा आणि आठवड्याची आखणी

प्राथमिक शिक्षकाचे काम बाहेरून पाहणाऱ्यास बेताचे वाटते. शाळा वेळेवर सुटते, रविवार मोकळा असतो, सणांच्या व उन्हाळ्याच्या सुट्ट्या असतात. मग शिक्षक थकतो कशाने, असा प्रश्न गावात विचारला जातो आणि पुष्कळदा शिक्षक स्वतःही तो मनाशी विचारीत असतो. सोमवारी उत्साहाने परिपाठ घेणारा शिक्षक शुक्रवारी दुपारी खुर्चीचा आधार शोधू लागतो. त्याचा आवाज बसलेला असतो, मुलांचा साधा गोंगाटही त्याला सोसवत नाही आणि फळ्यावरचा मजकूर उतरवून घेण्यास सांगून तो तास कसाबसा पुरा करतो. यास आळस म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ‘चालायचेच’ म्हणून सोडून देणेही योग्य होणार नाही. कारण या थकव्याची किंमत शिक्षकाबरोबर वर्गातील मुलेही देत असतात.

एक साधे उदाहरण घ्यावे. तिसरीतील एका मुलाने ५२ मधून २७ वजा करून उत्तर ३५ लिहिले आहे. ताजातवाना शिक्षक त्याला जवळ बोलावतो आणि ‘हे कसे केलेस, सांग बरे’ असे विचारतो. मुलाने एककाच्या घरात दोनातून सात वजा करण्याऐवजी सातातून दोन वजा केले आहेत, हे त्याच्या ध्यानात येते. मग काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या पुढे ठेवून, एक गठ्ठा सोडवून हातचा कोठून येतो ते तो दाखवितो. या सर्वास फार तर चार मिनिटे लागतात. थकलेला शिक्षक मात्र ३५ वर फुली मारतो, खाली २५ लिहितो आणि वही परत करतो. त्या मुलाची चूक तशीच चौथीत जाते. हुशार मूल थकलेल्या शिक्षकाच्या हाताखालीही कसेबसे शिकते. मागे पडलेल्या मुलाला मात्र शिक्षकाच्या त्या चार मिनिटांवाचून दुसरा आधार नसतो. शिक्षकाची शक्ती आठवड्याच्या अखेरपर्यंत कशी टिकेल, हा प्रश्न म्हणूनच अध्यापनाचा प्रश्न आहे.

थकवा म्हणजे काय ?

थकव्याचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या पहिल्या संशोधकांत इटलीतील तुरीन येथील शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांची गणना होते. मधल्या बोटाने दोरीला बांधलेले वजन ठरावीक लयीत पुनःपुन्हा उचलावयाचे आणि प्रत्येक वेळी ते किती उंच गेले याची रेघ फिरत्या कागदावर उमटावयाची, असे एक यंत्र त्यांनी तयार केले होते. १८९१ साली त्यांचा थकव्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दीर्घ व्याख्याने देऊन व विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या सहकारी प्राध्यापकांची त्यांनी या यंत्रावर तपासणी केली, तेव्हा त्यांच्या बोटाच्या स्नायूंची टिकून राहण्याची शक्ती कमी झाल्याचे दिसून आले. त्या बोटाने तर काहीच काम केलेले नव्हते ! शिकविण्याचे व परीक्षा घेण्याचे श्रम मेंदूचे. परंतु त्यांचा परिणाम बोटापर्यंत पोहोचला होता.

हे असे का होते, यावर अलीकडच्या काळात अधिक प्रकाश पडला आहे. २००९ साली वेल्समध्ये झालेल्या एका प्रयोगात १६ जणांना प्रथम ९० मिनिटे एकाग्रतेचे काम देण्यात आले व मग दमेपर्यंत सायकल चालविण्यास सांगण्यात आले. दुसऱ्या एका दिवशी त्याच लोकांनी तेवढाच वेळ मनाला ताण न देणारे चित्रपट पाहून सायकल चालविली. एकाग्रतेच्या कामानंतर ते सरासरीने सुमारे १० मिनिटे ४० सेकंद टिकले. एरवी ते सुमारे १२ मिनिटे ३४ सेकंद टिकले होते. त्यांच्या हृदयाच्या व स्नायूंच्या कार्यात मात्र या फरकाचे कारण आढळले नाही. तेच काम त्यांना अधिक जड वाटत होते, एवढाच भेद होता.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, मनाचा थकवा हा खरा थकवा असतो. तो कल्पनेचा खेळ नव्हे. दुसरी, अशा वेळी शरीरातील शक्ती संपलेली नसते, तर प्रत्येक काम नेहमीपेक्षा अवघड भासू लागते. वर उल्लेखिलेली चार मिनिटे शुक्रवारी ‘फार’ वाटतात ती यामुळेच. म्हणून केवळ निश्चयाच्या बळावर थकव्याशी झुंजत राहण्यापेक्षा शक्ती कोठे व्यर्थ खर्च होते ते शोधून तो खर्च आवरणे अधिक शहाणपणाचे आहे.

शक्ती कोठे खर्च होते ?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे काम, पूर्वतयारीसह, किमान ४५ तासांचे धरले आहे. सहा दिवसांवर वाटले तर ते दररोज साडेसात तास होते. यात जाण्यायेण्याचा वेळ नाही. घरचे कामही नाही. २०१९ साली देशात झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे खर्च करतात, असे आढळले. शिक्षिकेच्या वाट्यास शाळेआधी व शाळेनंतर आणखी एक पाळी येते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. घरातील कामाची वाटणी हा शिक्षिकांच्या थकव्यावरील एक मोठा उपाय आहे. आणि शिक्षक पुरुष असेल, तर आपल्या घरीही असा प्रश्न आहे काय, हे त्याने पाहावयास हवे.

शाळेतील तासांकडे पाहिले असता खर्चाच्या तीन वाटा ठळकपणे दिसतात.

पहिली वाट आवाजाची. बोलताना स्वरयंत्रातील स्वरतंतू एका सेकंदात पुरुषांत सुमारे शंभर ते सव्वाशे वेळा, तर स्त्रियांत सुमारे दोनशे वेळा कंप पावतात. आवाज चढविला की त्यांवरील आघात वाढतो. द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन वर्ग बसतात. पहिलीची मुले मोठ्याने पाढे म्हणत असताना शिक्षक तिसरीला भूगोल सांगत असतो. सभोवार गलबला असला की बोलणाऱ्याचा आवाज त्याच्या नकळत चढतो, असे फ्रान्समधील वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ साली दाखवून दिले. शिक्षकाचा आवाज चढला की मुलांचाही चढतो आणि मुलांचा चढला की शिक्षकाला पुन्हा चढवावा लागतो. दिवसअखेर दोन्ही पक्ष दमलेले असतात. यावर उपाय आवाजाचा नाही, व्यवस्थेचा आहे. एका वर्गाला तोंडी काम दिले असेल तेव्हा दुसऱ्यास लेखी द्यावे; प्रत्यक्ष शिकवावयाच्या वर्गाजवळ जाऊन बोलावे; शांततेसाठी ओरडण्याऐवजी टाळीची एक ठरावीक खूण किंवा हात वर करण्याची रीत पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पाडावी. दर तासाला दोन घोट पाणी घ्यावे. आवाज बसला असता कुजबुजून बोलू नये. त्यानेही स्वरतंतूंवर ताण पडू शकतो. मंद, नैसर्गिक स्वरात बोलावे किंवा काही काळ मौन पाळावे.

दुसरी वाट उभे राहण्याची. एकाच जागी ताटकळत उभे राहिले असता रक्त पायांत साचते आणि पाय जड होतात. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले म्हणजे हे रक्त वर ढकलले जाते. म्हणून उभे राहण्यापेक्षा चालणे कमी थकविणारे असते. शिक्षकाने फळ्याजवळ खिळून न राहता मुलांच्या रांगांमधून फिरत राहावे. त्याने पायांस आराम मिळतो आणि मागे बसणाऱ्या मुलांच्या वह्याही नजरेखालून जातात. लहान मुलांच्या गटात शिकविताना त्यांच्याबरोबर खाली बसावे.

तिसरी वाट सर्वांत अधिक खर्चाची असून ती डोळ्यांस दिसत नाही. ती म्हणजे कामाची तोडमोड. गणित शिकवीत असता फोनवर संदेश येतो; अमुक माहिती आजच पाठवावी. शिक्षक वर्ग थांबवून माहिती शोधतो, पाठवितो आणि फळ्याकडे वळतो, तो मनाचा एक भाग मागेच राहिलेला असतो. अमेरिकेतील संशोधिका सोफी लेरॉय यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसून आले : अर्धवट सोडलेल्या कामाचा अवशेष मनात रेंगाळतो आणि पुढील कामाचा दर्जा खालावतो. दिवसातून असे दहा वेळा घडले म्हणजे एकही मोठे काम न होता मन मात्र शिणून जाते.

झोप : पहिले औषध

थकव्यावर जितके उपाय सांगितले जातात, त्यांत झोपेची बरोबरी करणारा एकही नाही. प्रौढ माणसास रात्री सात तास किंवा त्याहून अधिक झोप लागते. ‘सवय केली की पाच-सहा तासांत भागते’ अशी अनेकांची समजूत असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ती खोटी ठरविली आहे. सलग चौदा रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपू दिलेल्या निरोगी माणसांचे लक्ष व स्मरण इतके खालावले की, सहा तास झोपणाऱ्यांची अवस्था एक पूर्ण रात्र, तर चार तास झोपणाऱ्यांची दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी झाली. त्याहून ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, आपले काम इतके बिघडले आहे याची त्यांना स्वतःला फारशी जाणीव नव्हती. झोप कमी पडलेला शिक्षक ‘मला काही होत नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणतो. परंतु त्याच्या साक्षीवर विसंबणे धोक्याचे असते. दुचाकीवरून घाटातून शाळा गाठणाऱ्याच्या बाबतीत तर हा धोका जिवाशी येतो.

झोपेवर दोन शक्तींचे नियंत्रण असते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोपेची ओढ वाढवीत राहते. झोपेत ते कमी होते. दुसरी शक्ती म्हणजे शरीरातील अंतर्गत घड्याळ. हे घड्याळ पेशीपेशींत कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश व मायकेल यंग यांस २०१७ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. या घड्याळाची किल्ली प्रकाशाच्या हाती असते. सकाळचे ऊन त्याला वेळेवर आणते. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर धरलेला प्रखर पडदा त्याला मागे लोटतो.

यावरून नियम सोपे निघतात. उठण्याची वेळ रविवारीही फारशी बदलू नये. फार तर तासाभराचा फरक पडू द्यावा. सकाळी अर्धा तास मोकळ्या उजेडात चालावे. निजण्यापूर्वी तासभर फोन बाजूस ठेवावा. झोपताना उद्याच्या कामांची चिंता छळीत असेल, तर ती कामे कागदावर उतरवून काढावीत. लिहिलेले काम मनाला राखण बसावे लागत नाही. दुपारी डुलकी घेणे शक्य असेल तेथे ती वीस मिनिटांची असावी. संध्याकाळची लांब झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते.

आहार, पाणी व चहा

माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. परंतु शरीर स्वस्थ असता खर्च होणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. म्हणून उपाशीपोटी शाळा गाठून चहा-बिस्किटांवर दुपारपर्यंत काढणे हे तोट्याचे आहे. साखर व मैदा यांची ऊर्जा लवकर मिळते आणि लवकर ओसरते. भाकरी व उसळ, थालीपीठ व दही, शेंगदाणे घातलेले पोहे व त्यावर लिंबू, उकडलेली अंडी अशा न्याहरीने पोट अधिक काळ भरलेले राहते. दुपारच्या डब्यात भाताचा भाग थोडा कमी करून डाळ, उसळ व भाजी वाढवावी. जेवणानंतर येणारी सुस्ती जेवणाने वाढते हे खरे. परंतु ती केवळ जेवणाची नसते. दुपारी एक ते चारच्या दरम्यान अंतर्गत घड्याळच थोडे मंदावते. तो दोष कोणाचाही नव्हे. त्या वेळेस अनुरूप काम योजणे हेच योग्य.

थकव्याचे एक फार मोठे कारण मात्र ताटाशी निगडित आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के व पुरुषांपैकी २५ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळले. रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतील प्राणवायू सर्व शरीरास पोहोचविते. ते कमी पडले की जिना चढतानाही धाप लागते. बाजरी, पालेभाज्या, कडधान्ये व अहळीव यांत लोह असते. मात्र वनस्पतींतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास त्याचे शोषण वाढते. जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने ते घटते. म्हणून जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. याशिवाय ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही; ते दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. शुद्ध शाकाहारी व्यक्तींनी दूध व दही यांकडे त्यासाठी विशेष लक्ष द्यावे आणि अशक्तपणा राहिल्यास वैद्यास विचारावे.

चहाविषयी थोडे अधिक सांगणे इष्ट आहे. चहातील कॅफीन शक्ती देत नाही. वर सांगितलेल्या अ‍ॅडिनोसिनची मेंदूतील जागा ते अडवून धरते, त्यामुळे थकल्याची सूचना काही काळ पोहोचत नाही. थकवा तेथेच असतो. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातील निम्मे कॅफीन रात्री अकराला शरीरात असते. झोप बिघडते, दुसऱ्या दिवशी अधिक चहा लागतो आणि हे चक्र चालू राहते. सकाळचा व दुपारच्या सुट्टीनंतर काही वेळाने घेतलेला चहा पुरे मानावा; चारनंतर तो टाळावा.

पाणी हा याहून नाजूक विषय आहे. स्वच्छतागृहाची सोय नीट नसल्यामुळे दिवसभर पाणीच न पिणाऱ्या शिक्षिका व मुली अनेक ठिकाणी असतात. त्यातून डोकेदुखी, थकवा व मूत्रमार्गाचे विकार उद्भवतात. हा प्रश्न शिक्षिकेने सोसून सोडविण्याचा नाही. पाणी, कडी व दार असलेले स्वच्छतागृह ही शाळेच्या इमारतीतील फळ्याइतकीच आवश्यक वस्तू आहे, असे मानून मुख्याध्यापकाने तो विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा.

आठवड्याची आखणी

शिक्षक मुलांचे वेळापत्रक तयार करतो, त्यात कठीण व सोपे विषय आलटून-पालटून ठेवतो, मध्ये सुट्टी देतो. स्वतःच्या शक्तीचे असे वेळापत्रक मात्र क्वचितच केले जाते. पुढील आखणी एखाद्या द्विशिक्षकी शाळेतील, दोन वर्ग व २८ मुले सांभाळणाऱ्या शिक्षकासाठी सुचविली आहे. आपापल्या शाळेप्रमाणे तीत बदल करावा.

नवा व कठीण भाग सोमवार ते बुधवार या दिवसांत आणि शक्यतो पहिल्या दोन तासांत घ्यावा. गुरुवारी सराव ठेवावा. शुक्रवारी मागे पडलेल्या चार-पाच मुलांसाठी सकाळचाच एक तास राखून ठेवावा. उरलेल्या मुलांना त्या वेळी गटप्रमुखाच्या देखरेखीखाली स्वाध्याय द्यावा. या मुलांचा तास दिवसाच्या शेवटी टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. त्यात दमलेला शिक्षक व दमलेले मूल समोरासमोर येतात आणि दोघांच्याही हाती काही लागत नाही. दुपारच्या सुट्टीनंतर कार्यानुभव, चित्रकला, गटवाचन, परिसरफेरी, खेळ असे मुलांनी करावयाचे काम असावे. शिक्षकाने फिरून पाहावे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत आठवड्याची उजळणी व मुलांचे सादरीकरण घ्यावे.

वह्यांचा भार सर्वांस परिचित आहे. २८ मुलांच्या मराठी, गणित व इंग्रजी अशा तीन-तीन वह्या धरल्या तर ८४ वह्या होतात. एका वहीस दोन मिनिटे लागली तरी १६८ मिनिटे, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. शनिवारी हा ढीग घरी नेला की रविवार गेला. त्याऐवजी रोज १४ वह्या घ्याव्यात. सहा दिवसांत ८४ पुऱ्या होतात आणि दिवसाला २८ मिनिटेच लागतात. शुद्धलेखन व पाढे यांची तपासणी मुलांना जोडीजोडीने करू द्यावी. चूक शोधताना तपासणारे मूलही शिकत असते.

कार्यालयीन माहिती व नोंदवह्या यांसाठी दिवसातील एक अर्धा तास निश्चित करावा आणि संदेश फक्त शाळा भरण्यापूर्वी, मधल्या सुट्टीत व शाळा सुटल्यावर पाहावेत. अपघात, आजार किंवा आपत्ती यांसारखी खरी तातडी असेल तर मुख्याध्यापकास दूरध्वनी येतो. उरलेली तातडी दोन तास थांबू शकते.

शनिवारी शाळा सोडण्यापूर्वी सोमवारचे टाचण लिहून व साहित्य काढून ठेवावे. या वीस मिनिटांमुळे रविवार खऱ्या अर्थाने मोकळा होतो. कारण न झालेल्या तयारीची हुरहूर हीच रविवारच्या विश्रांतीत मोडता घालणारी असते. विश्रांतीचा दिवस कामास लावल्याने काम वाढत नाही, हे फार पूर्वी सिद्ध झाले आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत रविवारीही काम चालविले जात असे. १९१५ साली कामगारांच्या आरोग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने पाहणी केली, तेव्हा रविवारच्या कामाने उत्पादनात त्या प्रमाणात भर पडत नाही, असे तिला आढळले. युद्धसामग्रीच्या बाबतीत जे खरे ठरले, ते मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत खोटे ठरण्याचे कारण नाही.

विश्रांती म्हणजे केवळ पडून राहणे नव्हे. प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालल्याने हे प्रमाण पुरे होते. दमलेल्या माणसास चालणे नकोसे वाटते. परंतु मन शिणले असता हलका व्यायाम थकवा उतरवितो. भजनाला, बागेला, वाचनाला किंवा मित्रांच्या बैठकीला दिलेला वेळही वाया गेला असे समजू नये.

थकवा केव्हा आजार समजावा ?

आठ-पंधरा दिवस पुरेशी झोप व योग्य आहार घेऊनही थकवा उतरत नसेल, तर आखणी पुरेशी नाही. रक्तक्षय, मधुमेह, कंठस्थ ग्रंथीचा म्हणजे थायरॉइडचा विकार यांची सुरुवात पुष्कळदा अशाच थकव्याने होते. संध्याकाळचा बारीक ताप, लांबलेला खोकला व घटणारे वजन ही क्षयाची चिन्हे असू शकतात. मोठ्याने घोरणे व रात्रभर झोपूनही दिवसा डोळे मिटणे, हे झोपेत श्वास अडखळण्याचे लक्षण असू शकते. कशातच रस न वाटणे व मन सतत खिन्न राहणे हाही उपचाराने बरा होणारा आजार आहे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिनची तपासणी होते. साधारणपणे स्त्रियांत ते १२ ग्रॅमपेक्षा व पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. मनानेच शक्तीची औषधे घेण्यापेक्षा ही एक चाचणी अधिक उपयोगी ठरते.

शाळेची व कार्यालयाची जबाबदारी

येथवर सांगितलेले उपाय शिक्षकाच्या हातातील आहेत. परंतु सर्वच थकवा शिक्षकाच्या सवयींतून निर्माण होतो, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. रिक्त जागा असलेल्या शाळेत एकट्याने चार वर्ग सांभाळणाऱ्यास लवकर निजण्याचा सल्ला पुरत नाही. २००९ च्या कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असे ठरविले आहे, तसेच दशवार्षिक जनगणना, आपत्ती-निवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामास शिक्षकांस जुंपता येणार नाही, असेही म्हटले आहे. या तरतुदींचे पालन हा शिक्षकांच्या आरोग्याचाही भाग होय. कार्यालयांनी एकच माहिती वेगवेगळ्या नमुन्यांत पुनःपुन्हा मागवू नये. मागविल्यास पुरेसे दिवस द्यावेत. शाळेच्या वेळात उत्तराची अपेक्षा ठेवू नये. केंद्रप्रमुखांनी भेटीच्या वेळी ‘नोंदवही पुरी आहे काय’ या प्रश्नाआधी ‘वर्गात कोणते काम जड जाते’ हा प्रश्न विचारावा. मुख्याध्यापकांनी आवाज बसलेल्या सहकाऱ्याचा एक तास स्वतः घ्यावा. अशा साह्यासाठी कोणत्याही आदेशाची गरज नसते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत या विषयावर चर्चा व्हावी. प्रत्येक शाळेने एक आठवडाभर आपल्या शक्तीचा खर्च लिहून ठेवावा : कोणता तास सर्वांत जड गेला, वर्ग चालू असता किती वेळा काम तुटले, झोप किती झाली. कागदावर आलेला खर्च कमी करणे सोपे जाते.

आणि पुढच्या शुक्रवारी कोणाच्या वहीत ५२ वजा २७ बरोबर ३५ असे आढळले, तर शिक्षकापाशी लाल शाईची फुली मारण्यापुरतीच शक्ती उरलेली नसावी. काड्यांचा गठ्ठा सोडवून दाखविण्याइतकी, आणि ते मूल चुकतमाकत मोजीत असता शांतपणे वाट पाहण्याइतकी ती शिल्लक असावी. आठवड्याची सारी आखणी त्या चार मिनिटांसाठी आहे.